भूल देणाऱ्या परिचारिकेचा पगार : आकडा खरा, वाट मात्र लांबची



गेल्या महिन्यात आमच्या एका गट कार्यालयात एक सभासद आले. हातात एक रंगीत पत्रक. पत्रकावर हिरवा झगा घातलेल्या मुलीचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत मजकूर : अमेरिकेत भूल देणाऱ्या नर्सला वर्षाला दोन कोटी पगार, आमचा दोन वर्षांचा डिप्लोमा करा. सभासदांची मुलगी बारावी सायन्स झालेली, हुशार. त्यांना आमच्याकडून एवढंच पाहिजे होतं, की पुढच्या ऊसबिलावर काही उचल मिळेल का.

"साहेब, नर्सला एवढा पगार खरंच असतो का?" त्यांनी विचारलं.

आम्ही त्या दिवशी उत्तर दिलं नाही. दोन दिवसांची मुदत मागून घेतली, जाणत्या डॉक्टरांशी आणि परदेशी नोकरी करून आलेल्या परिचारिकांशी बोललो, अमेरिकन सरकारची छापील आकडेवारी पाहिली. मग त्यांना बोलावून सांगितलं, "दादा, पगाराचा आकडा खरा आहे. पत्रकातली वाट खोटी आहे." असं पत्रक उद्या दुसऱ्या कोणाच्या घरी येईल, म्हणून तो सगळा हिशेब आज सर्वांसमोर मांडत आहोत.

आधी काम समजून घेऊ

भूल देणे म्हणजे इंजेक्शन टोचून माणसाला झोपवणे, एवढीच आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. खरं काम त्यानंतर सुरू होतं. पूर्ण भूल दिल्यावर रोग्याचा श्वास मंदावतो, पुष्कळदा थांबतोच. मग घशातून नळी घालून त्याचा श्वास दुसऱ्याने चालवायचा असतो. रक्तदाब, नाडी, रक्तातला प्राणवायू यांवर क्षणाक्षणाला नजर ठेवावी लागते. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचं लक्ष जखमेवर असतं. रोगी जिवंत ठेवण्याचं लक्ष भूल देणाराकडे असतं. बाळंतपणाच्या शस्त्रक्रियेत तर दोन जीव त्याच्या हाती असतात.

आपल्या देशात हे काम डॉक्टरांचं आहे. एम.बी.बी.एस. झाल्यावर पुढे भूलशास्त्राची पदवी किंवा पदविका घेतलेला डॉक्टर म्हणजे भूलतज्ज्ञ. परिचारिकेने स्वतंत्रपणे भूल द्यावी, अशी व्यवस्था आपल्याकडे नाही. अमेरिकेत मात्र ती दीडशे वर्षांच्या आसपासची जुनी आहे. त्या परिचारिकांना तिकडे 'नर्स अनेस्थेटिस्ट' म्हणतात. आपण त्यांना भूल-परिचारिका म्हणू.

बीटवाल्यांचा मुलूख

अमेरिका म्हणजे नुसतं न्यूयॉर्क नव्हे. आपल्याला जवळचा वाटेल असा एक मुलूख तिथे आहे. उत्तरेला मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा ही दोन राज्ये लागून आहेत आणि दोहोंच्या सीमेवरून रेड नदी वाहते. तिच्या खोऱ्यातली काळीभोर जमीन बीटाच्या साखरेसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या बीट-उत्पादक शेतकऱ्यांनी १९७३ साली 'अमेरिकन क्रिस्टल शुगर' ही कंपनी विकत घेतली आणि तिची सहकारी संस्था केली. मूरहेड, क्रुकस्टन, ईस्ट ग्रँड फोर्क्स, हिल्सबरो, ड्रेटन ही तिच्या कारखान्यांची गावे. तिथेही शेअर असतो, शेअरच्या प्रमाणात बीट लावण्याचा हक्क असतो आणि लावलेलं बीट कारखान्याला घालण्याचं बंधन असतं. ऑक्टोबरात बीट उपटतात, त्याचे डोंगर उघड्यावर रचतात आणि थंडीने ते गोठून टिकतात. त्यामुळे हंगाम वसंतापर्यंत चालतो. आपला ऊस तोडल्यावर लवकर गाळला नाही तर उतारा घसरतो. तेवढी बर्फाची सोय त्यांना निसर्गाने करून दिली आहे.

हे सांगण्याचं कारण असं, की या मुलुखात वस्ती विरळ, गावं लहान, आणि हिवाळ्यात बर्फाच्या वादळात रस्ते बंद. अशा गावांतल्या दवाखान्यांसाठी १९९७ साली तिथल्या केंद्र सरकारने वेगळा वर्ग केला : २५ खाटांपर्यंतचं दवाखाना, जवळ दुसरं नाही, चोवीस तास तातडीची सेवा. असा दवाखाना भूलतज्ज्ञ डॉक्टर पूर्णवेळ ठेवू शकत नाही. त्या डॉक्टरांचं उत्पन्न वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर असतं आणि त्यांना शहरात हवं तेवढं काम असतं. म्हणून अमेरिकेच्या ग्रामीण भागात कितीतरी ठिकाणी भूल देणारं माणूस एकच, आणि ते म्हणजे भूल-परिचारिका. रात्री दोन वाजता बीटवाल्याची सून अडली, तर तिच्या भरवशावर दवाखान्याचं दार उघडं राहतं.

ही परंपराही मिनेसोटातच रुजली. तिथल्या रॉचेस्टर गावात मेयो बंधू या प्रसिद्ध शल्यविशारदांकडे ॲलिस मॅगॉ नावाची परिचारिका ईथर थेंबाथेंबाने देऊन भूल द्यायची. रोग्याशी बोलत, त्याला धीर देत ती काम करी. १९०६ साली तिने चौदा हजारांहून जास्त रोग्यांचा अहवाल छापला. त्यांत भुलीमुळे एकही मृत्यू नव्हता. परिचारिकेने हे काम करावं की नाही, यावर तिथेही डॉक्टर मंडळींनी पुष्कळ वाद घातला आणि प्रकरणं कोर्टात गेली. शेवटी चांगल्या कामाने वाद मागे टाकला. २००१ साली केंद्र सरकारने राज्यांना मुभा दिली, की सरकारी विम्याच्या रोग्यांसाठी भूल-परिचारिकेवर डॉक्टरची देखरेख असण्याची अट राज्यपालांना काढून घेता येईल. मिनेसोटाने २००२ साली आणि नॉर्थ डकोटाने २००३ साली ही मुभा घेतली. कारण उघड होतं : देखरेखीला डॉक्टर गावात नव्हताच.

आता पगाराचा आकडा

अमेरिकन सरकारच्या कामगार खात्याने मे २०२४ साठी दिलेला भूल-परिचारिकेचा वार्षिक पगार २,२३,२१० डॉलर आहे. हा 'मधला' आकडा आहे. म्हणजे काय? आपल्या सर्व सभासदांना टनेजप्रमाणे ओळीत उभं केलं, तर बरोबर मधोमध उभा राहील त्याचं टनेज हे मधलं टनेज. निम्मे त्याच्या वर, निम्मे खाली. सरासरीत दोन-चार मोठे बागायतदार आकडा फुगवतात; मधल्या आकड्यात ती फसगत होत नाही.

त्याच वर्षी तिथल्या साध्या नोंदणीकृत परिचारिकेचा मधला पगार ९३,६०० डॉलर होता. म्हणजे भूल-परिचारिकेला जवळजवळ अडीचपट मिळतं. राज्याराज्यांत फरक पडतो, पण मिनेसोटासारख्या राज्यातही पगार दोन लाख डॉलरच्या वरच आहे. एरवी आपली समजूत अशी, की शहरात जास्त आणि खेड्यात कमी. या धंद्यात तसं सरसकट नाही. आडगावच्या दवाखान्याला माणूस मिळत नाही, रात्रपाळीच्या बोलावण्याचे वेगळे पैसे द्यावे लागतात, म्हणून लहान गावचा पगार पुष्कळदा शहराच्या बरोबरीला येतो, कधी वरही जातो.

हिशेबासाठी डॉलर ८५ रुपये धरला, तर वर्षाचे सुमारे १ कोटी ९० लाख रुपये होतात. पत्रकातला दोन कोटींचा आकडा तिथून आला. पण सभासदांना वजन आणि उतारा यांतला फरक सांगायला नको. काट्यावर दिसतं ते वजन. पोत्यात पडते ती साखर.

या पगारातून केंद्राचा कर, राज्याचा कर आणि म्हातारपणाच्या पेन्शनची सक्तीची वर्गणी जाते. मिनेसोटासारख्या ठिकाणी एकट्या माणसाचा चौथा ते तिसरा हिस्सा त्यातच कापला जातो. मग घरभाडं, मोटार, विमा आणि मुलांना सांभाळण्याचा खर्च, हे सगळं डॉलरमध्येच. मिळवायचं डॉलरमध्ये आणि खायचं रुपयात, असं तिथे राहून जमत नाही.

आणि शिक्षणाचा खर्च वेगळाच. तिथल्या तिथे जन्मलेल्या मुलीलासुद्धा आधी चार वर्षांची नर्सिंगची पदवी. मग परवाना परीक्षा. मग अतिदक्षता विभागात किमान एक वर्ष काम. प्रत्यक्षात दोन-तीन वर्षं केलेल्यांनाच सहसा प्रवेश मिळतो. त्यानंतर भुलीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात किमान ६०० रोग्यांना प्रत्यक्ष भूल देण्याचा आणि २,००० तासांचा अनुभव. १ जानेवारी २०२२ पासून नव्याने प्रवेश घेणाऱ्यांसाठी हा अभ्यासक्रम डॉक्टरेटच्या पातळीचाच करण्यात आला आहे. या तीन वर्षांत नोकरी करणं जवळजवळ अशक्य. शिक्षणाचा खर्च बहुतेक ठिकाणी एक लाख डॉलरच्या वर, आणि तीन वर्षांचा बुडालेला परिचारिकेचा पगार सुमारे २ लाख ८० हजार डॉलर. म्हणजे जवळजवळ चार लाख डॉलर जमिनीत पेरल्यावर हे पीक येतं. आडसालीला अठरा महिने थांबावं लागतं म्हणून आपण कुरकुरतो. इथे बारावीनंतर आठ ते दहा वर्षं थांबावं लागतं.

पैसे येतात कुठून?

सभासदांना हा प्रश्न पडायलाच हवा. पंचवीस खाटांचा दवाखाना एका परिचारिकेला एवढा पगार देतो कसा? कारखाना असो की दवाखाना, पैसा आकाशातून पडत नाही.

पासष्टी ओलांडलेल्यांसाठी अमेरिकेत 'मेडिकेअर' नावाचा सरकारी विमा आहे. १९८६ साली तिथे कायदा झाला आणि १९८९ पासून भूल-परिचारिकेला आपल्या कामाचं बिल या विम्याकडे थेट लावता येऊ लागलं. शिवाय लहान ग्रामीण दवाखान्यांसाठी खास सवलत आहे : वर्षाला भुलीच्या ८०० शस्त्रक्रियांपर्यंतच काम असेल, तर एका भूल-परिचारिकेचा रास्त खर्च विमा दवाखान्याला भरून देतो. एवढ्या कमी शस्त्रक्रियांच्या बिलातून तो पगार निघणार नाही, हे सरकारने ओळखलं. खेड्यातली बाई बर्फात चार तास प्रवास करून मरू नये, यासाठी सगळ्या देशाने मिळून ती वर्गणी भरलेली आहे. म्हणून तो पगार एकट्या परिचारिकेच्या हुशारीची किंमत नाही. तिची दहा वर्षांची तयारी, तिच्यावरची जबाबदारी आणि गावात दवाखाना टिकवण्याचा समाजाचा निर्णय, या तिन्हींची ती किंमत आहे.

आपल्या मुलीची वाट

आता पत्रकाकडे वळू. पत्रकातला डिप्लोमा भूल-तंत्रज्ञाचा आहे. शस्त्रक्रियागृहात यंत्र तयार ठेवणं, नळ्या आणि औषधं हाताशी देणं, भूलतज्ज्ञाला मदत करणं, हे तंत्रज्ञाचं काम. काम प्रामाणिक आणि गरजेचं आहे. मोठ्या दवाखान्यांना अशी माणसं हवी असतात. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात या व्यवसायाचा समावेशही झाला आहे. मान्यताप्राप्त संस्थेत शिकून इथे नोकरी करायची असेल, तर आमचा अजिबात विरोध नाही. पण भूल-तंत्रज्ञ म्हणजे परिचारिका नव्हे. या डिप्लोमावर अमेरिकेतल्या भूल-परिचारिकेच्या अभ्यासक्रमाचं दार उघडत नाही. खोडव्याची नोंद आडसालीत लावून कोणी भाव मागितला, तर शेतकी खातं देईल का?

खरी वाट अशी आहे. पहिल्यांदा भारतीय परिचर्या परिषदेने मान्यता दिलेल्या महाविद्यालयातून चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग. मग राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी आणि चांगल्या दवाखान्यातला अनुभव. मग प्रमाणपत्रांची तपासणी, इंग्रजीची परीक्षा आणि 'एनक्लेक्स' ही अमेरिकन परवाना परीक्षा; ती भारतातल्या केंद्रांवरही देता येते. मग व्हिसा. भारतात जन्मलेल्यांसाठी ही रांग अनेक वर्षांची आहे आणि कोणताही एजंट ती पुढे सरकवू शकत नाही. अमेरिकेत पोचल्यावर आधी साधी परिचारिका म्हणून काम. भुलीच्या अभ्यासक्रमासाठी लागणारा अतिदक्षता विभागाचा अनुभव तिथलाच धरला जातो; इथल्या दवाखान्यातला त्यासाठी चालत नाही. त्यानंतर तो तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्याचं कर्ज.

ही वाट अशक्य आहे असं आम्ही म्हणत नाही. परदेशात मानाने काम करणाऱ्या भारतीय परिचारिका हजारोंनी आहेत. पण आज बारावी झालेली मुलगी या वाटेने गेली, तर त्या दोन कोटींच्या पगारापर्यंत पोचताना तिची तिशी उलटलेली असेल. हे समजून जायचं असेल तर खुशाल जावं. न समजता ऊसबिल गहाण टाकू नये.

इथल्या पगाराबद्दलही खरं बोललं पाहिजे. सातव्या वेतन आयोगात केंद्र सरकारच्या परिचारिकेचं सुरुवातीचं मूळ वेतन ४४,९०० रुपये ठरलं. खासगी दवाखान्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने, पन्नासहून कमी खाटांच्या दवाखान्यातही परिचारिकेला महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी देऊ नये, अशी शिफारस केली. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी किती दवाखाने ही शिफारस पाळतात, ते तिथे काम करणाऱ्या आपल्याच लेकी-सुनांना विचारावं. मुलगी परदेशी का जाऊ पाहते, याचं अर्धं उत्तर तिथे मिळेल.

पैसे भरण्यापूर्वी

कोणत्याही संस्थेत पैसे भरण्याआधी सभासदांनी पुढील गोष्टी जरूर कराव्यात.

१) अभ्यासक्रम परिचारिकेचा आहे की तंत्रज्ञाचा, हे लेखी विचारावं. तोंडी "दोन्ही एकच" म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरावं.

२) परिचारिकेचा असेल तर भारतीय परिचर्या परिषद आणि राज्य परिषद यांची चालू वर्षाची मान्यता स्वतः तपासावी. भिंतीवरच्या चौकटीतल्या प्रमाणपत्राची तारीख वाचावी.

३) परदेशी नोकरीची 'हमी' देणाराला, हमी कोणत्या मालकाची आणि कोणत्या कागदावर, हे विचारावं. परदेशी नोकरीचा एजंट असेल तर त्याची केंद्र सरकारच्या परराष्ट्र खात्याकडे नोंदणी असली पाहिजे.

४) मूळ गुणपत्रिका आणि दाखले कोणाकडेही ठेवायला देऊ नयेत.

५) शंका असेल तर गट कार्यालयात या. ऊसबिलावर उचल घेण्याआधी या. घेतल्यावर आमच्या हाती फार थोडं उरतं.

आणि एक गोष्ट आपल्या सर्वांसाठी

हा लेख लिहिताना आम्हाला सतत आपल्याच भागातल्या रात्री आठवत होत्या. बाई अडली, सिझर करायचं ठरलं, शल्यविशारद हजर, रक्ताची सोय झाली, आणि सगळे थांबलेत कोणासाठी? भूलतज्ज्ञासाठी. तो बिचारा एका रात्रीत तीन गावं करतो. ही उणीव केंद्र सरकारलाही दिसली होती. म्हणून एम.बी.बी.एस. डॉक्टरांना तातडीच्या बाळंतपणासाठी भूल देता यावी, असं खास प्रशिक्षण राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या काळात सुरू झालं. सुरुवातीला ते अठरा आठवड्यांचं होतं. चांगली योजना आहे. पण प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर नेमका त्याच खुर्चीवर राहावा, त्याची बदली होऊ नये, आणि रात्री येण्याचा मोबदला त्याला वेळेवर मिळावा, यासाठी गावाने आणि गावच्या पुढाऱ्यांनी पाठपुरावा करावा लागतो.

रेड नदीच्या खोऱ्यातल्या बीटवाल्यांना हे कळलं, की कारखाना आपला असला तरी दवाखान्यात रात्री माणूस नसेल तर घर सुरक्षित नाही. आपल्या मुलुखात सहकारानं साखर केली, शाळा काढल्या, महाविद्यालयं काढली, काही ठिकाणी रुग्णालयंही उभी केली. रुग्णालयाची इमारत बांधताना आपण फरशी कोणती हे तासभर बोलतो. रात्री भूल देणारं माणूस कोण आणि त्याला काय देणार, हा प्रश्न पुढच्या वार्षिक सभेत कोणी विचारला, तर आम्हाला आनंद होईल.

ते सभासद परवा पुन्हा भेटले. पत्रक त्यांनी चुलीत घातलं. मुलीने बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला आहे. "पुढं अमेरिकेला जाईल की इथंच राहील, ते तिचं ती बघंल," ते म्हणाले, "पण जाईल ती खऱ्या दारानं जाईल." उचलीचा अर्ज त्यांनी मागे घेतला आहे. फीची पावती आली की नव्याने करतो म्हणाले. आणि तो अर्ज आम्ही आनंदाने पुढे पाठवू.